शिवलिंगअप्पांचा आवाज

विद्यापीठानं शिवलिंगअप्पांना फसवलं. हे मी आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढं वाचताना कुणाला वाटायचं, म्हातारा भोळा होता, आपण होऊन फसला. अप्पा भोळे नव्हते. देवणीच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं दलाली केलेला माणूस भोळा राहत नसतो. त्यांना शिकलेल्या माणसांनी फसवलं, भर दिवसा, चहा पाजून, कागदावर सही घेऊन. आणि त्या सौद्यात मध्यस्थ मी होतो.

मी मन्मथ. बाप सालगडी होता. आज माझं सरकी-पेंडीचं दुकान आहे, दोन टेम्पो आहेत आणि हे सगळं मी जिभेच्या जोरावर केलं. डोकं तापट आहे, हे लोक सांगतात ते खरं आहे. पण ती जीभ कधी चालवायची आणि कधी आत ठेवायची, हे मला शिकवलं ते अप्पांनी.

अप्पा काटकुळे होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, धोतर पांढरं आणि डाव्या खांद्यावर मोठ्या चौकड्यांचा टॉवेल. त्या टॉवेलाला बाजारात सगळे ‘अप्पांची कचेरी’ म्हणायचे. माणसांशी ते मराठी बोलत, फौजदार-तलाठ्याशी उर्दू आणि जनावरांशी फक्त कानडी. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, “जनावराला कानडीत सांगितलं की ऐकतंय. मराठीत नुस्ता वाद हुतो.”

जनावर बघायची त्यांची रीत उलटी होती. आधी जनावराकडं बघायचेच नाहीत. ते जिथं उभं होतं ती जमीन बघायचे. खूर कुठं खोल उमटलाय, कुठं घासलाय, शेण कसं पडलंय. मग जवळ जाऊन कान तळहातात धरायचे, झोपलेल्या लेकराचा धरावा तसा. दात सगळ्यात शेवटी. “दात सगळेच बघतेत. म्हणून मालक दात घासून आणतोय. कान घासता येत न्हाई.”

आणि मग ते तोंड उघडायचे. ज्यानं देवणीचा बाजार पाहिला नाही त्याला हे सांगावं लागेल. आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात टॉवेलाखाली धरतात आणि बोटं दाबून बोलतात. किती बोटं, कुठली बोटं, ते त्या दोघांनाच कळतं. त्या वेळी तोंडही चालूच असतं, पण तोंडानं फक्त नावं ठेवायची. एक तर भाव चढू नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे जित्राबाला नजर लागू नये म्हणून. जनावर जितकं अव्वल, तितक्या शिव्या जास्त. अप्पा एखाद्या देखण्या वळूला “मागून दबलंय, दम न्हाई, परत न्या” असं म्हणाले की मालकाची छाती फुगायची. आणि एखाद्याच्या मरतुकड्या गोऱ्ह्याकडं बघून ते गोड आवाजात म्हणाले, “चांगलंय की, घ्या आत,” की तो बिचारा मान खाली घालून कासरा ओढत घरी जायचा.

बाविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा बाजारात उतरलो आणि एक खोंड बघून मोठ्यांदा बोलून गेलो, “काय खोंड हाय राव!” अप्पांनी मला बाजूला नेलं आणि टॉवेलाचा एक सपकारा पाठीत दिला.

“पुन्यांदा खरं बोललास तर बाजारात पाय ठिवू देणार न्हाई.”

“मग काय खोटं बोलू?”

“तोंड बाजाराचं असतंय मन्मथ्या. हात ईमानाचा. तोंडानं काय बी बोल. हातानं खोटं बोललास, तर मग हात धरायला कोणी येत न्हाई.”

त्यांचा हात खोटं बोलला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. एकदा बिलोलीकडचा एक म्हातारा बैलजोडी घेऊन आला होता. त्याला इकडचा भाव माहीत नव्हता. टॉवेलाखाली त्यानं चार बोटं सांगितली. अप्पांनी त्याची पाच दाबली. म्हाताऱ्याला वाटलं, ह्यांची मोजताना चूक झाली. त्यानं पुन्हा चार सांगितली. अप्पांनी पुन्हा पाच दाबली, आणि तोंडानं ओरडायला लागले, “बैल म्हणतेत व्हय ह्याला? ही तर शेळीची पिल्लं! कुठून उचलून आणलीस?” म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भोवतीचे लोक म्हणाले, “अप्पा, बास की आता, रडायला लागलं की ते.” अप्पांनी मागितल्यापेक्षा जास्त भाव दिला होता, हे मागून त्या म्हाताऱ्यानंच आम्हा दोघा-तिघांना सांगितलं.

विद्यापीठाची माणसं आली ती पाऊस पहिल्यांदा दगा देऊन गेला त्या हिवाळ्यात. नांदेडहून जीप आली. एक सर होते, यंत्रमानव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असं काहीतरी त्यांच्या विभागाचं नाव होतं. त्यांच्याबरोबर वैशाली मॅडम, तिशीतल्या, गळ्यात कॅमेरा. जनावराची पारख असलेला माणूस पाहिजे, म्हणून बाजारात विचारत विचारत माझ्या दुकानात आले. मी त्यांना बसवलं आणि सौदा सुरू केला. अप्पांचं रोजचं मानधन, जेवण, घरापासून गाडी. सरांना मी तीनदा वर चढवलं. त्या दिवशी मला वाटलं, विद्यापीठालासुद्धा मी हरवलं. फक्त एक विचारायचं राहिलं. माल कुठं जाणार, हे भाव ठरवायच्या आधी विचारायचं असतं. हेही अप्पांनीच शिकवलेलं. नेमकं तेच मी विसरलो.

अप्पांनी विचारलं होतं. “हे कशापायी, साहेब?”

“संशोधनासाठी,” सर म्हणाले. “तुमचं ज्ञान जतन झालं पाहिजे.”

एक कागद पुढं आला. सगळा इंग्रजीत. अप्पांनी मोडीच्या वळणाची लांब सही केली.

चार बाजार ते कॅमेरा लावून बसले. जनावर यायचं, अप्पा जमीन बघायचे, कान धरायचे, आणि मग मालक कासरा धरून समोर उभा असताना, कॅमेऱ्यासमोर, बाजाराच्या तोंडानं बोलायचे. मॅडम प्रत्येक बोलणं टिपून घ्यायच्या. पहिल्याच दिवशी अप्पांनी एका गायीला भरपूर नावं ठेवली आणि टॉवेल टाकून हात सरांकडं केला. खरं काय ते सांगायला. सरांनी तो हात टॉवेलासकट धरला, जोरात हलवला आणि म्हणाले, “थँक्यू अप्पा, थँक्यू!”

मी हसलो. आणखी दोन दलाल हसले. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, सांगू का, असं. मी मान हलवून नको म्हटलं. ज्यानं विचारलं नाही त्याला फुकट काय सांगायचं, हा आमचा धंदाच आहे. अप्पांना वाटलं, इतकी शिकलेली माणसं, त्यांना बाजाराची रीत माहीत नसेल का? हे लोक बहुतेक बाजारातली बोली लिहून घ्यायला आलेत. चार दिवस ते खुशीत होते. “माझं बोलणं पुस्तकात चाललंय,” म्हणत फिरत होते.

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. आमच्याकडं तेवढंही नव्हतं. लोक जनावरं सोडून द्यायला लागले. मग उदगीरच्या वाटेवर माळावर चारा छावणी उघडली. चारा थोडा, जनावरं फार. तेव्हा वरून ठरलं, आधी जगण्याजोगी जनावरं आत घ्यायची, आणि ती निवडायला माणूस नको, माणूस पैसे खातो. यंत्र लावा.

उदगीर वेगळा जिल्हा व्हावा, हे वारं तेव्हा जोरात होतं. माळावर कापडी फलक होते, ‘जिल्हा झालाच पाहिजे’. एका पुढाऱ्यानं फीत कापली आणि भाषणात म्हणाला, हे यंत्र म्हणजे आपल्या नव्या जिल्ह्याचं पहिलं पाऊल. यंत्राचं नाव होतं पारखी. लोखंडी पाइपांची एक गल्ली, वर तीन कॅमेरे आणि पुढं दोन फाटकं. जनावर गल्लीतून आलं की कॅमेरे बघणार आणि एक लोखंडी हात फाटक ढकलणार. डावीकडं छावणी, चारा, पाणी. उजवीकडं रस्ता. रस्त्यावर व्यापाऱ्यांचे टेम्पो आधीच लागले होते. परत फिरवलेलं जनावर मालक घरी नेणार नाही, मिळेल त्याला देणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

अप्पांना कुणी बोलावलं नव्हतं. मीच त्यांना बघायला घेऊन गेलो.

पहिली आली गयाबाईची गाय. गयाबाई जवळच्याच गावची, नवरा वारलेला, ह्या एका गायीवर घर. पांढरी, अंगावर काळे ठिपके, हाडं दिसत होती पण चाल राजाची. अप्पांनी तिच्या खुरांखालच्या धुळीकडं बघितलं. मग टॉवेलाखाली माझा हात धरला आणि पाचही बोटं दाबली. पुन्हा पाचही. अव्वल. चारा मिळाला तर महिन्यात उभी राहील.

लोखंडी हातात घरघर झाली. आणि वर लावलेल्या कर्ण्यातून आवाज आला.

“मागून दबलंय. दम न्हाई. परत न्या.”

अप्पांचाच आवाज. तोच घोगरेपणा, ‘परत’वरचा तोच जोर. हात उजवीकडं वळला आणि फाटक उघडलं.

गयाबाईनं यंत्राकडं बघितलं नाही. वळून अप्पांकडं बघितलं. “अप्पा, तुमी? दोन सालाखाली तुमीच तर घेऊन दिली हुती मला. हातावर हात ठिवून दिली हुती.”

अप्पांनी आपला गळा हातानं चाचपला, आत काही हलतंय का बघावं तसा.

“मन्मथ्या, म्या बोललो का आत्ता?”

“न्हाई अप्पा.”

“खरं सांग. म्या बोललो का?”

त्यानंतर एक म्हातारा बैल आला. पोट खपाटीला, नाकातून शेंबूड, कान लोंबलेले. कर्णा गोड आवाजात म्हणाला, “चांगलंय की. घ्या आत.” आणि डावं फाटक उघडलं.

तेव्हा मला सगळं कळलं, आणि मी आजवर कधी भ्यालो नाही तसा भ्यालो. चार बाजारांत अप्पा तोंडानं जे बोलले ते त्या यंत्रानं सगळं शिकून घेतलं होतं. हातानं जे बोलले ते एकही बोट त्याला मिळालं नव्हतं. दुपारपर्यंत जातिवंत जनावरं उजवीकडून रस्त्यावर जात होती आणि मरायला टेकलेली आत चारा खात होती. एकही माणूस ओरडत नव्हता. कारण आवाज अप्पांचा होता. लोक आपसात म्हणत होते, आपल्याला वरवरचं दिसतं, अप्पांना पोटातलं कळतं.

गयाबाई टेम्पोपाशी उभी होती. गाय चढवताना तिनं गायीच्या डोळ्यांवर पदर धरला.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. विभागाची खोली एवढी गार होती की अप्पांनी टॉवेल अंगावर ओढून घेतला. टेबलावर एक यंत्राचा हात एक डबा उचलत होता, ठेवत होता, पुन्हा उचलत होता. अप्पा त्याच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभे राहिले.

सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. चांगलं बोलले, हे मी नाकारत नाही. “अप्पा, तुम्ही खूश व्हायला पाहिजे. यंत्राचा निर्णय आणि तुमचा निर्णय तंतोतंत जुळतो. आम्ही तपासून बघितलंय.”

“कशाशी तपासलं?” मी विचारलं.

“अप्पांच्या बोलण्याशी.”

अप्पा म्हणाले, “तंतोतंत जुळतंय म्हणूनच भेव वाटतंय, साहेब. ते बाजाराचं बोलणं हाय. बाजारात समद्यांना मालूम असतंय की ते खोटं हाय. तुमच्या मशिनीला मालूम न्हाई.”

सरांना कळलं नाही. वैशाली मॅडमना थोडं कळलं असावं. त्यांनी पडद्यावर एक फोटो काढला, आमच्या बाजारातला एक वळू. कर्ण्यातला आवाज बारीक होऊन संगणकातून आला, “खांद्यात कमी हाय. परत न्या.” अप्पांनी टॉवेल पसरला आणि हात पुढं केला. पाच बोटं म्हणजे अव्वल, एवढं मी मॅडमना सांगितलं. ह्या वेळी त्यांनी हात हलवला नाही. नुसता धरून ठेवला. टॉवेलाखाली काय झालं ते मला दिसलं नाही, पण मॅडमचा चेहरा उतरत गेला.

“अजून दाखवा,” त्या म्हणाल्या. दुसरा फोटो. तिसरा. दहावा. प्रत्येक वेळी संगणक एक बोलायचा आणि अप्पांची बोटं दुसरंच. शेवटी त्या सरांना म्हणाल्या, “सर, आपण सगळं उलटं शिकवलंय.”

सरांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, “उद्घाटन होऊन गेलंय. पुढच्या महिन्यात आणखी तालुक्यांत लावायचंय. आता उलटं आहे म्हणून मी कुणाला सांगू? आपण पुढच्या टप्प्यात सुधारणा करू.”

मग मी सौद्याला बसलो. आयुष्यात इतका जीव लावून मी कधी सौदा केला नव्हता. आधी विनवलं, मग दम दिला, मग मानधन परत घ्या म्हणालो. शेवटी एवढ्यावर आलो की यंत्र ठेवा, उलटं ठेवायचं असेल तर उलटं ठेवा, पण अप्पांचा आवाज त्यातून काढा. त्यांच्या तोंडानं लोकांना फसवू नका.

सर म्हणाले, “आवाजच काढता येणार नाही. लोक यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत. अप्पांच्या आवाजावर ठेवतात. शिवाय संमतीपत्र आहे.”

मी टेबलावर मूठ आपटली, आवाज चढवला, शिपाई आत आला. अप्पांनीच मला दंडाला धरून बाहेर आणलं. जिन्यात ते एवढंच म्हणाले, “त्यांच्यापाशी हातच न्हाई रे. कोणाशी सौदा करणार तू?”

छावणी पाऊस पडेपर्यंत चालली. तोवर रोज सकाळी तो कर्णा बोलत राहिला. वैशाली मॅडमनी एकदा फोन केला. त्यांनी सगळं लेखी दिलं होतं आणि आता त्यांना दुसऱ्या कामावर टाकलं होतं. मी त्यांच्यावर ओरडलो, तेही चुकलं माझं.

अप्पा घाबरट झाले. जो माणूस माजलेल्या वळूपुढं निवांत उभा राहायचा, तो कुणाच्या हातात मोबाइल दिसला की टॉवेल तोंडावर ओढायला लागला. घरच्यांशी खुणेनं बोलायचे. कर्ण्याची आठवण झाली की गळा चाचपायचे. रात्रीचा दिवा विझवू देत नव्हते, असं सून सांगायची. एकदा मी गेलो तेव्हा गोठ्यात गायीच्या कानापाशी कानडीत काहीतरी पुटपुटत होते. मला बघून गप्प झाले. “कानडी त्यांनी घेतली न्हाई,” म्हणाले. “तेवढी ऱ्हायली.”

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि देवणीचा बाजार पुन्हा भरला. अप्पा आले. तोच टॉवेल. जागा तीच, कडुलिंबाखाली. मी लांबून बघत होतो. एक गाय आली. त्यांनी जमीन बघितली, कान धरला. तोंडातून शब्द काढला नाही. मग टॉवेल टाकून हात पुढं केला.

मालकानं हात दिला नाही. त्यानं कासरा आवळला आणि गाय दुसऱ्या दलालाकडं नेली. पुढचाही तसाच गेला. त्याच्या पुढचाही. कर्ण्यानं ज्यांची चांगली जनावरं रस्त्यावर काढली, त्यांना ते अप्पांनीच केलं असं वाटत होतं. कुणी वाईट बोललं नाही. एक जण ‘शरणार्थ अप्पा’ म्हणून नमस्कार करून गेला. पण टॉवेलाखाली हात कुणीच घातला नाही. दुपार उतरेपर्यंत अप्पा तसेच उभे होते, हात पुढं, वर टॉवेल, आणि टॉवेल वाऱ्यानं हलत होता.

शेवटी मी जाऊन हात घातला. त्यांची बोटं थंड होती. मी वाट बघत राहिलो, काहीतरी सांगतील. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता धरून ठेवला.

तेच शेवटचं. थंडीत ते गेले.

आता माझं म्हणणं. मागच्या महिन्यात मी पेंडीचा माल घेऊन बिलोलीकडं गेलो होतो. तिथंही पारखी लागलीय. मी चहा पीत होतो आणि पाठीमागून अप्पा बोलले, “दम न्हाई. परत न्या.” मेलेल्या माणसाच्या तोंडून अजून जनावरं रस्त्यावर निघताहेत. एक म्हातारी कर्ण्याकडं बघून हात जोडत होती.

छावणीचे पहिले दोन दिवस उजव्या फाटकाबाहेर माझाही टेम्पो उभा होता. गयाबाईची गाय त्यातच चढली. बाजारात सरांनी अप्पांचा हात हलवला तेव्हा मी हसलो, बोललो नाही. ह्या दोन्हींचा जबाब मी देईन, गयाबाईच्या दारात उभा राहून देईन, पळणार नाही. पण आधी त्या गार खोलीतल्या सरांनी बाहेर यावं. देवणीला यावं, बाजाराच्या दिवशी, लिंबाखाली. चार माणसांसमोर टॉवेलाखाली हात घालावा आणि सांगावं की मेलेल्या माणसाचा आवाज ते कधी परत देणार आहेत. मी तिथं थांबलोय.